बॅटरीवर येणारा आळ

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, मालवण-रत्नागिरीकडची मासळी असा जो माल महाराष्ट्रात रोज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, त्याच्या प्रवासाचा निदान पहिला टप्पा, म्हणजे शेताच्या बांधापासून अथवा बंदराच्या धक्क्यापासून बाजारपेठेपर्यंतचा, आज बहुतांशी पिकअपमधून आणि पुष्कळदा रात्रीच्या प्रहरी पार पडतो. ही पिकअप, मग ती महिंद्राची जुनी बोलेरो असो वा टाटाची २०७, दहा-पंधरा वर्षे राबलेली असते. तिच्या इंजिनाची, क्लचची आणि पाट्यांची निगा मालक डोळ्यांत तेल घालून राखतो. परंतु विजेच्या बाबतीत त्याची सारी श्रद्धा एकट्या बॅटरीवर असते, आणि एखाद्या पहाटे सेल्फ फिरेनासा झाला की त्या श्रद्धेचे तितक्याच तत्परतेने संशयात रूपांतर होते. बॅटरी बदलली जाते. आठवडा बरा जातो. मग नवी बॅटरीही जुनीसारखीच बसते, आणि दुकानदार, कंपनी व नशीब यांच्यात दोषाची वाटणी सुरू होते. वस्तुतः अशा प्रकरणांत बॅटरी ही पुष्कळदा आरोपी नसून फिर्यादी असते, आणि तिची फिर्याद नीट ऐकून घेण्यासाठी लागणारे साधन म्हणजे कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात माफक किमतीस मिळणारा एक मल्टीमीटर होय.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही, ती फक्त सांभाळते. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी जी बॅटरी सिद्ध केली, तिचेच सुधारलेले रूप आजही या गाड्यांत बसविलेले असते. उत्पादनाचे काम अल्टरनेटरचे, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही सर्रास डायनामो म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा त्याचा रोटर हा एक विद्युच्चुंबक असतो. त्याच्या भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, प्रत्यावर्ती प्रवाह उत्पन्न होतो. पाठीमागील डायोडची प्लेट त्याचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करते. आणि कारागीर ज्याला आयसी म्हणतात तो रेग्युलेटर रोटरचे चुंबकत्व कमी-अधिक करून व्होल्टेज सुमारे चौदाच्या आसपास राखतो. मोटारीत ही व्यवस्था रुळली ती सिलिकॉन डायोड परवडण्याजोगे झाल्यावर. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत ती दिली, तोवर कम्युटेटरचा डायनामो आणि त्याचा कटआउट हेच सर्वत्र चालत होते, आणि तो डायनामो संथ फिरताना जवळपास काहीच देत नसे.

आता जमाखर्च पाहू. साठ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे १२ व्होल्टांवर १० अँपिअर. त्यात मागील दिवे, वायपर, ब्लोअर आणि गाणी मिळविली की पावसाळी रात्री घाटात २० ते २५ अँपिअरचा खर्च सहज होतो. याच्या तुलनेत सेल्फचा खर्च भीतिदायक वाटतो, कारण डिझेल इंजिन फिरविताना तो २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक ओढतो. परंतु तो ओढतो अवघे तीन सेकंद, म्हणजे एकंदर ६०० अँपिअर-सेकंद, आणि २० अँपिअरची शिल्लक देणारा अल्टरनेटर हे देणे अर्ध्या मिनिटात, घट धरली तरी मिनिटभरात, फेडून टाकतो. तेव्हा "सेल्फने बॅटरी खाल्ली" ही जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिला सहसा अर्थ नसतो. बॅटरी रिकामी होते ती मोठ्या क्षणिक खर्चाने नव्हे, तर न होणाऱ्या जमेने किंवा रात्रभर चाललेल्या बारीक गळतीने.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगीसाठी वीज लागत असल्यामुळे जमा थांबली की गाडी तासा-दोन तासांत रस्त्यातच उभी राहते आणि बिघाड उघडकीस येतो. जुन्या डिझेलचे तसे नाही. ज्यांचा डिझेल पंप पूर्णतः यांत्रिक आहे आणि ज्या नॉब ओढून बंद कराव्या लागतात, अशा गाड्यांना एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच उरत नाही. अल्टरनेटर मृतवत पडला असताही त्या दिवसभर माल वाहतात, ड्रायव्हर गाडी उतारावर लावण्याची सवय लावून घेतो, हेल्पर धक्का मारतो, आणि हे असे कित्येक दिवस विनातक्रार चालते. (पंपावर विजेचा सोलेनॉइड असलेल्या गाड्या मात्र व्होल्टेज फार खाली गेल्यावर आपोआप बंद पडतात.) खरी वेळ येते ती रात्री, हेडलाइट पिवळे पडत पडत रस्ता दिसेनासा होतो तेव्हा. डिझेल इंजिनाच्या या सोशिकपणाचे कौतुक करावे तितके थोडे. परंतु तोच सोशिकपणा विजेचा दोष महिनोन् महिने झाकून ठेवतो, हेही तितकेच खरे.

चौकशीचा प्रारंभ दोन आकड्यांनी करावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही सुरू न करता, मल्टीमीटर डीसी २० व्होल्टांवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर लावावा. १२.६ किंवा त्याहून किंचित अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नंतर इंजिन सुरू करून, रेस थोडी वाढवून पुन्हा पाहावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावला तर जमा होत आहे. सुरू करण्यापूर्वीचाच आकडा कायम राहिला किंवा हळूहळू उतरू लागला तर होत नाही. आणि १५ च्या वर गेला तर प्रमाणाबाहेर होत आहे. येथेच बॅटरीचीही परीक्षा उरकून घ्यावी: भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली कोसळले, तर तिच्याविषयीचा संशय रास्त आहे. मात्र रिकाम्या बॅटरीची अशी परीक्षा घेणे अन्यायाचे. ती बाहेरच्या चार्जरवर आठ-दहा तास लावून पूर्ण भरावी आणि मगच तिच्याबद्दल मत बनवावे. भरूनही न सावरणारी बॅटरी बहुधा फार दिवस रिकामी पडून राहिलेली असते, कारण त्या अवस्थेत तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते पुढे सहजी विरघळत नाहीत.

जमा होत नाही असे ठरल्यावर अल्टरनेटर उतरविण्याची जी घाई केली जाते, ती मला मुळीच पसंत नाही. आधी डोळ्यांनी आणि बोटांनी पाहावे. अल्टरनेटरचा व्ही पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. हा पट्टा खाचेच्या तळावर टेकून नव्हे, तर आपल्या तिरक्या बाजूंनी पुलीला धरून ओढतो. त्या बाजू झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या की वरून धडधाकट दिसणारा पट्टाही ओझे पडताच घसरतो, आणि सकाळी गाडी सुरू करून हेडलाइट लावताच जी किंचाळी ऐकू येते ती त्याचीच. पट्ट्याकडे दुर्लक्ष करणे या गाड्यांत दुहेरी धोक्याचे आहे, कारण या वर्गातील अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसविलेला असतो. पट्टा तुटला की विजेबरोबर ब्रेकचा हलकेपणाही जातो, आणि घाटाच्या उतारावर पेडल एकाएकी दगडासारखे जड लागते.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण जुन्या गाडीतील निम्म्याहून अधिक व्यथा यंत्रात नसून सांध्यात असतात, असे माझे मत झाले आहे. अल्टरनेटर ४० अँपिअर देत आहे आणि वाटेत एखाद्या गंजलेल्या थिंबलमुळे, म्हणजे वायरच्या टोकावरील जोडणीच्या कडीमुळे, अवघा ०.०२ ओहमचा अडथळा आहे, अशी कल्पना करा. ओहमच्या नियमाप्रमाणे ०.८ व्होल्ट तेथेच उष्णतेच्या रूपाने नाहीसे होतात, यंत्रापाशी १४.२ असूनही बॅटरीपर्यंत १३.४ च पोहोचतात, आणि ती कधीच पुरती भरत नाही. हा अडथळा मल्टीमीटरच्या ओहम किंवा कंटिन्युटीच्या खुणेवर सापडावयाचा नाही. त्या खुणेवर मीटर तारेतून अत्यल्प प्रवाह सोडतो, आणि तारेच्या पन्नास धाग्यांपैकी एक जरी शाबूत असला तरी तेवढ्या प्रवाहास तो पुरेसा ठरून मीटर खुशाल "ठीक" म्हणून वाजतो. तारेची खरी परीक्षा तिच्यावर ओझे असतानाच होते.

ती अशी: इंजिन सुरू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत, मीटरची लाल सुई अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या प्लस खुंटावर ठेवावी. दोन्ही टोके एकाच वायरची असल्याने आकडा तत्त्वतः शून्य यावयास हवा; ०.२ ते ०.३ पर्यंत चालवून घ्यावा. त्याहून अधिक आला तर वाटेत अडथळा आहे. नंतर एक सुई अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरी मायनस खुंटावर ठेवून तीच परीक्षा अर्थिंगची करावी, तेथे ०.२ सुद्धा अधिकच मानावा. सुई नेहमी शिशाच्या खुंटावरच टेकावी, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे, कारण कित्येकदा दोष नेमका खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधील त्या करड्या, न दिसणाऱ्या थरात असतो. तो सापडला की दहा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा यांवर काम भागते. खुंट व क्लॅम्प चकचकीत होईतो घासावेत, घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलिन फासावे. क्लॅम्प काढताना आधी मायनस आणि लावताना शेवटी मायनस हा नियम पाळावा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असतो, हे कारागीर मंडळी जाणतात आणि विसरतात.

अर्थिंगची हकिकत तर आणखी विलक्षण आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने विजेच्या दृष्टीने ते चेसिसपासून अलग असते, आणि दोहोंना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हाच त्यांच्यातील राजमार्ग. ती पट्टी गिअरबॉक्सच्या कामाच्या वेळी काढली जाते आणि परत लावताना विसरली जाते, किंवा रंगावरच आवळली जाते. मार्ग बंद झाला म्हणून प्रवाह थांबत नाही. तो ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गाठतो, आणि ड्रायव्हर सेल्फ मारीत असताना ती बिचारी केबल तापून तिच्या आवरणातून धूर निघू लागतो. मग केबल बदलली जाते. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे दुःख वेगळे: हौद्यातून ठिबकणारे खारे बर्फपाणी चेसिसवरील सांध्यांत मुरते आणि वायरच्या आवरणाखाली तांब्याला हिरवा गंज हातभर आतवर चढत जातो. अशा वायरचे टोक तोडून नवे थिंबल बसविण्यात अर्थ नसतो. लालसर, स्वच्छ तांबे लागेपर्यंत ती मागे कापावी किंवा सबंध बदलावी.

डॅशबोर्डवरील बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा हा निव्वळ निरोप्या आहे, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु जुन्या रचनेत तो कामातही सहभागी असतो. रोटरला प्रथम चुंबकत्व देण्यासाठी जो थोडासा प्रवाह लागतो, तो चावी फिरविताच याच दिव्यातून जातो. यंत्र वीज देऊ लागले की दिव्याच्या दोन्ही टोकांस सारखेच व्होल्टेज मिळून तो विझतो. म्हणून चावी फिरविल्यावर दिवा लागलाच नाही, तर आनंद मानू नये: दोन-तीन वॉटचा तो बल्ब गेला असेल, त्याची बारीक वायर अल्टरनेटरपाशी निसटली असेल, अथवा आतील कार्बन (ब्रश) झिजून रोटरपर्यंत पोहोचत नसतील, आणि या तिन्ही प्रसंगी अल्टरनेटर धडधाकट असूनही जागाच होत नाही, किंवा जोराची रेस दिल्यावरच होतो. दोन रुपड्यांच्या बल्बापायी सबंध अल्टरनेटर बदलला गेल्याचे प्रकार या धंद्यात घडतात. उलट इंजिन चालू असताना दिवा मंद तेवत राहिला, तर संशय डायोडवर जातो.

इतके करूनही जमा होत नसेल तरच अल्टरनेटर उतरवावा. पान्याच्या मुठीने त्याच्या पाठीवर हलकेच ठोकताच चार्जिंग क्षणभर परत येत असेल, तर कार्बन संपले आहेत असे समजावे. कार्बनची जोडी ही अल्टरनेटरच्या मानाने अगदीच किरकोळ खर्चाची वस्तू आहे. व्हॅक्यूम पंपाचे सील गळून इंजिनाचे तेल आत शिरले असेल तर मात्र नुसते कार्बन बदलून भागणार नाही, कारण तेलात भिजलेले नवे कार्बनही लवकरच आपल्या घरात चिकटून बसतील. आधी सील, मग कार्बन. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर डिझेलचा आणि पाण्याचा जो जोरदार फवारा मारण्याची प्रथा आहे, तिनेही अनेक अल्टरनेटरांचे आयुष्य घटविले आहे. तेवढा वेळ त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावयास कोणाची हरकत असू नये. डायोड गेल्याची खूण चमत्कारिक असते: उत्पादन घटते, यंत्र बारीक गुणगुणते, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर पहाटे हाताला कोमट लागतो, कारण ज्या झडपेने वीज परत येऊ द्यावयाची नाही तीच उघडी पडलेली असते आणि बॅटरी त्या वाटेने रात्रभर रिती होत असते.

गळतीचा दुसरा मार्ग म्हणजे मागाहून जोडलेली सामग्री. कर्कश प्रेशर हॉर्न, हौद्यावरील रंगीत पट्ट्या, गाण्याचा ॲम्प्लिफायर हे सारे कोठल्या तरी वायरीला मुरगळून वर टेप गुंडाळून जोडलेले असते, आणि कित्येकदा फ्यूज टाळून थेट बॅटरीवरच. पाच वॉटचा एक बल्ब विसरला गेला तर तो ०.४ अँपिअर खातो. ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अशा बल्बाने तीन दिवसांत निम्म्यावर येते, आणि दिवाळीत आठवडाभर उभी राहिलेली गाडी पाडव्यानंतर का उठत नाही याचे उत्तर येथे मिळते. तपासण्यासाठी सर्व बंद करून, मायनस क्लॅम्प सोडवून, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये धरावा; इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या जुन्या पिकअपमध्ये आकडा जवळपास शून्य, आणि फार तर ०.०५ असावा. अधिक असेल तर एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडेल, गळती त्याच वाटेवर. मीटर या स्थितीत असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये, नाहीतर मीटरचाच निकाल लागतो.

जादा चार्जिंगबद्दल थोडेच सांगतो. हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडणे, बॅटरीभोवती आंबूस वास आणि सहाही घरांतील पाणी एकसारखे झपाट्याने आटणे ही त्याची चिन्हे, आणि दोष बहुधा आयसीचा किंवा तिच्या अर्थिंगचा. एकाच घरातील पाणी आटत असेल, तर मात्र ते एक घरच बिघडले आहे. पाणी डिस्टिल्डच घालावे. बोअरचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी नाही.

एका जुन्या रिवाजाचा समाचार घेणे आवश्यक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून "गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला" असा निवाडा देणारे उस्ताद अजूनही भेटतात. जुन्या डायनामोच्या काळी हे कदाचित खपून जात असेल. यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत तर तो निवाडा मुळातच निरर्थक आहे, कारण तिला चालू राहण्यास वीज लागतच नाही. शिवाय बॅटरी अचानक अलग होताच अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणार्धात उसळून डायोड आणि आयसी दोन्ही जळू शकतात, आणि तपासण्यासाठी आणलेली गाडी तपासणीतच नादुरुस्त होते. असे कोणी करू लागला तर मालकाने त्याचा हात धरण्यास संकोच करू नये.

अल्टरनेटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, याचे उत्तर आतील स्थितीवर अवलंबून आहे. कार्बन, बेअरिंग, आयसी, फार तर डायोड प्लेट इथपर्यंत दुरुस्ती निःसंशय परवडते. स्टेटरची गुंडाळी काळी पडून जळाल्याचा वास येत असेल, तर रिवाइंडिंग करणारा माणूस पारखलेला असेल तरच त्या वाटेस जावे. काम झाल्यावर गॅरेजमध्येच, इंजिन मंद चालवून, हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम लावून बॅटरीच्या खुंटांवर आकडा पाहावा, आणि मग रेस थोडी वाढवून पुन्हा पाहावा. रेस वाढवूनही तो साडेतेराच्या वर जात नसेल, तर कारागिराच्या हातावर पैसे ठेवण्याआधी मीटर त्याच्यासमोर धरावा आणि बॉनेट उघडेच राहू द्यावे.